"हे कसं कळलं?" : लंबक, पाणबुडी आणि वहीत खोडलेली एक नोंद



मागच्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या पाचवीच्या मुलांनी भूपट्टांचा तक्ता काढला होता. थर्माकोलवर समुद्र निळा, जमीन हिरवी, आणि जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे लाल बाण. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : "सागरी गर्तेत एक भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो." तक्ता छानच झाला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चौथीतली एक मुलगी तो बघत उभी होती. तिने विचारलं, "मॅडम, हे बघायला खाली कोण गेलं होतं?"

मी म्हणाले, "शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय बाळा," आणि पुढच्या कामाला लागले.

त्या रात्री मला माझंच उत्तर टोचत राहिलं. कारण ते उत्तर नव्हतंच. तिने "कोणी" एवढंच विचारलं नव्हतं, "कसं" हेही विचारलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते माहीत नव्हतं. मी डी.एड. केलं, भूपट्टांची नावं पाठ केली, परीक्षेत लिहिली, वर्गात शिकवली. पण सात-आठ किलोमीटर पाण्याखाली काय चाललंय हे माणसाला कळलं कसं, हा प्रश्न मला कधी पडला नाही आणि मला कोणी विचारलाही नाही.

मग वाचायला घेतलं. जे सापडलं ते इथे सांगते. पण फक्त माहिती देण्यासाठी हा लेख नाही. माझं एक मत आहे आणि ते आधीच सांगून टाकते : प्राथमिक वर्गात आपण मुलांना विज्ञानाची उत्तरं देतो, पण मोजायला आणि मोजलेलं जपून ठेवायला शिकवत नाही. उलट, न जुळणारी नोंद खोडून टाकायला शिकवतो. तेही नकळत. मी स्वतः शिकवलं आहे.

दोरी, दगड आणि ४२ सेकंद

त्याच महिन्यात वर्गात लंबकाचा प्रयोग घेतला होता. सोपा प्रयोग आहे. एक मीटर दोरी, टोकाला जड वस्तू, खिडकीच्या गजाला बांधायचं, थोडंसं बाजूला ओढून सोडायचं. एकदा जाऊन परत आला की एक झोका. असे २० झोके व्हायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघायचं. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका झोक्याला जवळजवळ २ सेकंद लागतात, म्हणजे २० झोक्यांना ४० च्या आसपास.

सहा गट होते. पाच गटांचं उत्तर ४० किंवा ४१ आलं. एका गटाचं ४२. दुसऱ्यांदा घेतलं तरी ४२. वह्या तपासायला आल्या तेव्हा त्या गटाच्या सगळ्या वह्यांत स्वच्छ "४०" लिहिलं होतं. खोडरबराच्या खाली फिकट ४२ दिसत होतं. मी बरोबरची खूण केली आणि "छान!" असा शेरा दिला.

दोन दिवसांनी साहित्य आवरताना त्या गटाचा लंबक हातात आला. बाकीच्यांनी दोरीला लोखंडी नट बांधला होता. यांना नट मिळाला नाही, म्हणून त्यांनी जुन्या मोज्यात दगड घातला होता. दोरी एक मीटरच होती, अगदी बरोबर मोजलेली, पण मोज्याच्या तोंडापर्यंत. दगड त्याच्या आणखी दहा सेंटीमीटर खाली लोंबत होता. म्हणजे त्यांचा लंबक खरा तर ११० सेंटीमीटरचा होता. ११० सेंटीमीटरच्या लंबकाला २० झोक्यांसाठी ४२ सेकंदच लागतात!

मुलांनी अगदी बरोबर मोजलं होतं. तो ४२ चा आकडा सांगत होता की "खाली काहीतरी वेगळं आहे, बघा." त्यांनी तो खोडला आणि मी त्याला शाबासकी दिली.

यात मुलांचा दोष नाही. आपण मोठ्यांनी काय केलंय आठवा. अकरावी-बारावीला जर्नल लिहिताना उत्तरावरून उलट हिशेब करून रीडिंग कोणी काढली नाहीत? आपण तसेच शिकलो आणि तसंच पुढे देतोय.

घड्याळ मागे पडलं

लंबकाचा झोका किती वेगाने होतो हे दोनच गोष्टींवर ठरतं : दोरीची लांबी आणि त्या जागी पृथ्वीची ओढ किती आहे. टोकाला बांधलेला दगड जड की हलका, याने फरक पडत नाही (हे मुलांना करून बघू द्या, त्यांना खरं वाटत नाही). म्हणजे लांबी पक्की ठेवली तर लंबक हे गुरुत्वाकर्षण मोजायचं यंत्रच झालं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका न जुळणाऱ्या नोंदीमुळेच. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेन या विषुववृत्ताजवळच्या गावी गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. उष्णतेने लंबकाचा दांडा लांबला असेल का, अशी शंकाही घेतली गेली. पण फरक त्याहून मोठा होता. रिशेने "घड्याळ बिघडलं" म्हणून ते सोडून दिलं नाही. त्याने महिनोन् महिने पुन्हा पुन्हा मोजलं आणि लिहून ठेवलं. पुढे न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात याच निरीक्षणाचा आधार घेतला : पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आणि ध्रुवांवर चपटी आहे, त्यामुळे विषुववृत्ताशी ओढ कमी पडते.

आपण पुस्तकात ९.८ लिहितो. प्रत्यक्षात विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३. हा फरक नियमित आहे, अक्षांशावरून काढता येतो. पण तो वजा केल्यावरही जे फरक उरतात, ते जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगतात.

हिमालयाने कमी ओढलं

याचं एक मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलं. १९ व्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. उत्तरेकडचं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन पद्धतींनी काढलं : एकदा जमिनीवर मोजून, एकदा ताऱ्यांवरून. सुमारे ६०० किलोमीटरच्या अंतरात जेमतेम १६० मीटरचा फरक आला. एवढा कमी फरक कोणीही "चालतंय" म्हणून सोडला असता.

तो सोडला गेला नाही. कोलकात्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिशेब मांडला की हिमालयाचा प्रचंड डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढतोय, म्हणून ताऱ्यांवरून काढलेलं अंतर चुकतंय. पण त्यांचा हिशेब पूर्ण झाला तेव्हा नवीनच कोडं निघालं. हिमालयाच्या आकारावरून जेवढी ओढ यायला हवी, त्याच्या फक्त तिसरा हिस्सा प्रत्यक्षात दिसत होता! १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असलं पाहिजे. पाण्यात ओंडका तरंगतो तसे डोंगर खालच्या जड द्रव्यावर तरंगतात. वर जितका उंच, खाली तितका खोल.

या मोजणीतच जेम्स बेसेव्ही नावाचा अधिकारी लंबक घेऊन भारतभर फिरला आणि १८७१ मध्ये लडाखच्या मोरे पठारावर, मोजमापं घेत असतानाच वारला. लंबकाचे झोके मोजण्यासाठी माणसं किती लांब गेली, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

समुद्रावर लंबक कसा लावायचा?

जमिनीवर हे ठीक आहे. पण पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाण्याखाली. डोलणाऱ्या जहाजावर लंबक लावला तर तो जहाजाबरोबर हेलकावे खाणार. मग त्या नोंदीला काय अर्थ?

हे कोडं सोडवलं फेलिक्स व्हेनिंग माइनेस यांनी. जन्म १८८७, नेदरलँड्सचे, शिक्षणाने इंजिनिअर. त्यांना आपल्या देशात गुरुत्वाकर्षणाची मोजणी करायची होती. पण नेदरलँड्सची जमीन म्हणजे बराचसा मऊ गाळ, सतत थरथरणारी. त्या थरथरीने लंबक बिघडायचे. त्यांनी युक्ती काढली : एकाच चौकटीला एकापेक्षा जास्त लंबक लावायचे.

मुलांना हे असं सांगता येईल. एकाच फांदीला दोन झोके बांधले आहेत. कोणी फांदी हलवली तर दोन्ही झोक्यांना सारखाच धक्का बसतो. आता एका झोक्याच्या हालचालीतून दुसऱ्याची हालचाल वजा केली, की फांदीचा धक्का निघून जातो आणि उरते ती फक्त झोक्यांची स्वतःची चाल. एवढंच! चौथीच्या वजाबाकीइतकी साधी कल्पना.

जमिनीच्या थरथरीसाठी केलेली ही युक्ती समुद्रावरही चालेल असं त्यांना वाटलं. पण उंच लाटांपुढे तीही पुरेना. उपाय होता पाणबुडीचा. लाटांचा जोर वरच्या वर असतो, जसजसं खाली जावं तसा तो कमी होतो. १९२३ मध्ये ते डच नौदलाच्या के-२ या पाणबुडीतून नेदरलँड्सहून जावाला गेले. वाटेत ठिकठिकाणी पाणबुडी खाली न्यायची, स्थिर ठेवायची, तीन लंबक सोडायचे आणि आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या किरणाने त्यांचे झोके फोटोच्या कागदावर उमटवायचे. माणूस अतिशय उंच आणि पाणबुडी अतिशय अरुंद. तरी पुढची पंधराएक वर्षं ते असे प्रवास करत राहिले. १९३४-३५ मध्ये के-१८ पाणबुडीतून अटलांटिक, आफ्रिकेचं टोक, ऑस्ट्रेलिया असं करत पुन्हा जावापर्यंत.

आणि प्रत्येक नोंदीला दुरुस्त्या. अक्षांशाची, खोलीची. पाणबुडी पूर्वेकडे चालली असेल तर पृथ्वीच्या फिरण्यात तिची चाल मिळते आणि वजन किंचित कमी भरतं, त्याचीही. सगळे माहीत असलेले फरक वजा करत जायचं आणि शेवटी काय उरतं ते बघायचं.

दाबून धरलेला डबा

इंडोनेशियाच्या भोवतीच्या समुद्रात जे उरलं ते चक्रावून टाकणारं होतं. सुमात्राच्या पश्चिमेकडच्या लहान बेटांवरून, जावाच्या दक्षिणेकडून, पुढे तिमोरकडे वळत जाणारा एक चिंचोळा पट्टा सापडला. हजारो किलोमीटर लांब, पण रुंदी साधारण शंभर किलोमीटर. या पट्ट्यात पृथ्वीची ओढ अपेक्षेपेक्षा कमी होती, काही ठिकाणी १०० मिलिगालहूनही जास्त कमी. (मिलिगाल हे गॅलिलिओच्या नावावरून आलेलं एकक. पृथ्वीच्या एकूण ओढीचा सुमारे दहालाखावा भाग.) १०० मिलिगाल म्हणजे किती? ५० किलोचा माणूस स्प्रिंगच्या काट्यावर ५ ग्रॅम हलका भरेल. लंबकाचं घड्याळ दिवसाला चार-साडेचार सेकंद मागे पडेल. एवढंसंच. पण भूशास्त्राच्या हिशेबात हा फरक प्रचंड आहे.

तुम्ही म्हणाल, गर्तेत खडकाऐवजी पाणी आहे, पाणी हलकं, म्हणून ओढ कमी. सरळ आहे! पण माइनेस यांनी तो हिशेब धरला होता. एअरींच्या म्हणण्याप्रमाणे सगळं नीट तरंगत असेल, तर वर खड्डा आहे तिथे खालचं जड द्रव्य वर येऊन तूट भरून काढेल. इथे तूट भरलीच गेली नव्हती. शिवाय हा पट्टा सगळीकडे गर्तेच्या बरोबर वरही नव्हता. गर्ता आणि बेटं यांच्या मधूनही जात होता. म्हणजे प्रश्न नुसत्या खड्ड्याचा नव्हता.

हे मुलांना दाखवायला एक बादली पाणी आणि एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा पुरतो. डबा पाण्यात तरंगतो. हाताने खाली दाबा. जोवर हात आहे तोवर डबा खाली आहे. हात काढा, टुणकन वर. आता समजा हात दिसत नाहीये, पण हलका डबा खाली बसलेला दिसतोय. तर काय म्हणाल? कोणीतरी त्याला दाबून किंवा खालून ओढून धरलंय.

जावाच्या समुद्रात हलकं कवच असंच खाली धरलेलं होतं. सोडलं असतं तर ते वर आलं असतं. कोणती तरी शक्ती त्याला खाली ओढत होती, आणि ती आजही चालू होती. गर्तेच्या तळाला कोणीही न जाता, लंबकाच्या झोक्यांवरून माणसाला हे कळलं. त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं : खाली कोणी गेलं नव्हतं बाळा. ते पाण्यात थोडंसंच खाली गेले आणि झोके मोजत बसले.

स्पष्टीकरण बदललं, आकडे राहिले

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. माइनेस यांनी याचं जे कारण सांगितलं ते असं : बाजूंनी दाब आल्यामुळे कवच वाकून खाली घडी पडली आहे. टेबलावरचा कपडा दोन्हीकडून ढकलला की मध्ये सुरकुती पडते तशी, फक्त खालच्या दिशेने. आज हे कारण जसंच्या तसं मानलं जात नाही. आज आपण म्हणतो की समुद्राखालचा थंड, जड भूपट्ट वाकून दुसऱ्या भूपट्टाखाली प्रावरणात शिरतो आणि आपल्या वजनाने गर्तेचा भाग खाली ओढून धरतो.

म्हणजे स्पष्टीकरण अपुरं निघालं. पण आकडे? आकडे टिकले. नव्या सिद्धान्ताला त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागलं. माइनेस यांच्याबरोबर काम केलेला एक तरुण अमेरिकन भूशास्त्रज्ञ हॅरी हेस १९३२ मध्ये वेस्ट इंडीजच्या समुद्रात अशाच पाणबुडीच्या मोजणीवर होता. तीस वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच हेसने समुद्रतळ मधल्या रांगांशी नवा तयार होतो आणि गर्तांमध्ये खाली जातो ही कल्पना मांडली. जपानमध्येही मातुयामा यांनी १९३४ मध्ये पाणबुडीतून जपानच्या गर्तेवर मोजमापं घेतली. त्याच सुमारास वादाती यांनी दाखवलं की जपानखालचे भूकंप समुद्राकडून जमिनीकडे खोल खोल होत जातात. कमी ओढीचा पट्टा, तिरपे खोल जाणारे भूकंप, पलीकडे ज्वालामुखींची रांग. वेगवेगळ्या लोकांनी जपलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवले आणि चित्र पूर्ण झालं.

आज हे काम उपग्रह करतात. समुद्राचं पाणी ओढीप्रमाणे आकार घेतं. तळाशी दोन किलोमीटर उंच डोंगर असेल तर त्याच्यावरचं पाणी सुमारे दोन मीटर फुगतं, आणि गर्तेवर पृष्ठभाग कित्येक मीटर खोलगट होतो. उतार इतका मंद की जहाजाला कळतही नाही, पण उपग्रह मोजतो. २००२ साली सोडलेल्या ग्रेस या जोड-उपग्रहांच्या नोंदींत २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाने झालेला गुरुत्वाकर्षणातला बदलही दिसला. माइनेस यांनी जिथे झोके मोजले, त्याच पट्ट्यात तो भूकंप झाला होता. त्या त्सुनामीत आपल्या तमिळनाडूत आणि अंदमान-निकोबारमध्ये काय झालं हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट घरच्या जवळची. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंद महासागरात समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीच्या ठरावीक आकारापेक्षा १०६ मीटर खाली आहे. जगातला हा सगळ्यात खोलगट भाग. ही गोष्टही १९४८ मध्ये माइनेस यांच्याच मोजणीत पुढे आली. त्याचं कारण शोधण्याचं काम अजून चालू आहे. २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आफ्रिकेखालून आलेल्या गरम, हलक्या द्रव्याशी आणि खोल बुडालेल्या जुन्या टेथिस समुद्राच्या तळाशी त्याचा संबंध जोडला. पंचाहत्तर वर्षं एक आकडा आपल्या कारणाची वाट बघत होता. कोणी तो "जुळत नाही" म्हणून खोडला नाही.

मग आपल्या वर्गात काय?

काही आक्षेप मला माहीत आहेत, कारण स्टाफरूममध्ये ते ऐकलेत आणि मीही घेतलेत.

"पाचवीच्या मुलांना गुरुत्वाकर्षणातली तूट कशाला?" नकोच. मिलिगाल शिकवा असं मी म्हणत नाही. दोरी, दगड, बादली, डबा एवढंच. त्यातून "मोजलेलं जपायचं" ही सवय लागली की पुढचं पुढे.

"वेळ कुठे आहे? दोन-दोन वर्ग, चाचण्या, ऑनलाइन माहिती भरायची." हे खरं आहे आणि याला माझ्याकडे जादूचं उत्तर नाही. पण मी हिशेब केला. वेळ जातो तो तक्ता सजवण्यात. थर्माकोल कापायला आमचे चार दिवस गेले होते. लंबकाला दोन तासिका लागल्या.

"न जुळणारी नोंद म्हणजे बहुतेक वेळा चूकच असते." हा आक्षेप सगळ्यात योग्य. हो, बहुतेक वेळा चूकच असते. स्टॉपवॉच उशिरा दाबलं, झोके मोजताना एक निसटला. म्हणून तर पुन्हा मोजायचं. तीनदा मोजून आकडा बदलला तर चूक होती, तेही लिहायचं. तीनदा तोच आला तर कारण शोधायचं. पण दोन्ही वेळा पहिली नोंद वहीत राहायला हवी. खोडली तर चूकही कळणार नाही आणि शोधही लागणार नाही.

मी काय बदललं ते सांगते. प्रयोगाच्या दिवशी खोडरबर दप्तरात. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली नवा आकडा. वहीत एक रकाना वाढवला : "काय जुळलं नाही?" आणि त्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं असेल तर शेरा तिथे देते, उत्तराला नाही. सुरुवातीला मुलं तो रकाना रिकामा सोडायची. त्यांना वाटायचं, तिथे लिहिलं म्हणजे आपलं चुकलं. ही भीती जायला महिना-दीड महिना लागला.

मोज्याच्या गटाकडेही मी परत गेले. वर्गासमोर सांगितलं की तुमचं ४२ बरोबर होतं, चूक माझी, मी न बघता "छान" लिहिलं. मग सगळ्यांनी मिळून दोरी दगडापर्यंत मोजली. दुसऱ्या एका गटाने मुद्दाम नटाचा लंबक ११० सेंटीमीटरचा करून बघितला. ४२! त्या दिवशी वर्गात जो आरडाओरडा झाला तो बाजूच्या वर्गातल्या सरांनी येऊन थांबवला. त्या गटातल्या एका मुलाने वहीतल्या ४० वर रेघ मारली आणि शेजारी पुन्हा ४२ लिहिलं. ती वही मी ठेवून घेतली आहे.

पालकांना एक विनंती. घरी वही बघताना "यात खाडाखोड का?" असं विचारण्याआधी "यात काय जुळलं नाही?" असं विचारून बघा. प्रदर्शनासाठी बाजारातून तयार मॉडेल आणू नका. मुलाने स्वतः मोजलेल्या दहा वाकड्यातिकड्या नोंदी त्या मॉडेलपेक्षा मोलाच्या आहेत.

आणि शिक्षक मित्रांनो, "शास्त्रज्ञांनी शोधून काढलं" हे वाक्य आपल्या तोंडी आलं की थांबू या. त्याच्या पुढे "कसं" जोडू या. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, बघून सांगते" म्हणू या. त्याने आपला मान कमी होत नाही.

त्या मुलीला मी उत्तर दिलं, जरा उशिरा. आता ती पाचवीत आहे, माझ्याच वर्गात. पाणबुडीची गोष्ट ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, पण पाणबुडी खाली थांबते तेव्हा ती थोडीसुद्धा हलत नाही का?"

हलते. म्हणूनच तर एक सोडून तीन लंबक होते. पण हे मी तिला लगेच सांगितलं नाही. दोन झोके आणि एक फांदी दाखवायला तिला शाळेच्या मागच्या लिंबाखाली घेऊन गेले.